बाहुलीचा शेवटचा परकर

आधीच सांगून ठेवते, ऱ्हस्व-दीर्घ माझं चुकणार. अक्षरही वाईट आहे. शाळा चौथीपर्यंत झाली, तीही निपाणीकडच्या खेड्यात. त्यानंतर हातात आला तो कापडावर खुणा करायचा खडू. लग्न होऊन मैसूरला आले तर इथे पाट्या कानडीत, बिलं कानडीत, मुलीची पुस्तकं कानडी नाहीतर इंग्रजी. घरात बोलतात ती मराठीही अर्धी कानडी. त्यामुळे कुठे काना राहिला, वेलांटी उलटी पडली तर माफ करावं. माफ कोणी करायचं ते मलाही ठाऊक नाही, कारण हे मी कोणाला दाखवणार नाहीये. पण माफी मागितल्याशिवाय मला काही सुरूच करता येत नाही. दुकानात सुटे पैसे मागतानासुद्धा आधी माफी मागते.

लिहायला बसले कारण त्या रात्रीपासून हात स्थिर राहत नाहीत. वाईट काही झालेलं नाही. तरी भांडी घासताना मध्येच थांबते, मशीनवर बसले की पाय नुसताच हलतो. मुलगी म्हणाली, "आई, सांगून टाक ना कोणाला तरी." सांगायचं कोणाला? जे होतं ते सगळं थोरल्या जाऊबाईंच्या देखतच झालं.

तर जाऊबाईंपासूनच सुरू करते.

आमचं सगळं घराणं शिंप्याचं. देवराज मोहल्ल्यात गल्लीच्या तोंडाशी यांचं दुकान, वर आम्ही राहतो. थोरल्या दिरांचं अस्तर-बटणांचं घाऊक दुकान दोन घरं सोडून. ते गेल्यापासून जाऊबाईच गल्ल्यावर बसतात. मी घरी ब्लाऊज शिवते, फॉल लावते. इंटरलॉकचं मशीन घ्यायचं होतं तेव्हा यांच्याकडे पैसे नव्हते आणि बँकेत जायची मला भीती. जाऊबाईंनी त्यांची चिटी, म्हणजे भिशी, उचलून पैसे दिले. कागद नाही, व्याज नाही. मी थोडे थोडे फेडत आले, पण शेवटची रक्कम काही केल्या जुळेना. कधी मुलीची फी आली, कधी यांचं डोळ्याचं ऑपरेशन.

जाऊबाईंनी एकदाही पैसे मागितले नाहीत. त्या फक्त विचारायच्या, "काय गे, मशीन बरं चालतंय ना?" लग्नात, बारशाला, मंदिरात आरतीच्या रांगेत, कुठेही. आवाज मोठा, त्यामुळे चारजणी वळून बघायच्या. आणि माझं उत्तर ठरलेलं, "चालतंय, अक्का. पुढच्या महिन्यात देते."

अशात ती बाहुलीवाली आली.

ती आधी यांच्या दुकानात गेली होती. यांनी बाहुली बघितली आणि म्हणाले, "आमच्याकडे शाळेचे युनिफॉर्म शिवतात. वर जा, ती बघेल." दारात उभी होती ती चाळिशीची, कापलेले केस, खांद्याला झोळी. कानडीत बोलत होती. झोळीतून तिने एक म्हातारी काढली. हातात घालायची बाहुली, कागदाच्या लगद्याचं डोकं, गालांवर सुरकुत्या, ओठ लाल भडक, आणि डोळे असे की आपण चोरी केली आहे हे तिला माहीत आहे. अंगात काही नाही, मानेखाली नुसती पिशवी.

"आंटी, ही गायिका आहे," ती म्हणाली. "हिला पाच कपडे हवेत, एकावर एक. सगळ्यांत वर टिकल्यांचा झगा. एकेक काढत जाणार ती स्टेजवर."

मी मान डोलावली. कोणी काही सांगितलं की मी आधी मान डोलावते, समजून घ्यायचं काम मागाहून. मुलगी आतून ऐकत होती. तिने हळूच विचारलं, "कसला शो?"

"बाहुल्यांचा कॅबरे. येलवालजवळ जुनी शेड आहे, तिथे. अठराच्या वरच्यांसाठी."

कॅबरे म्हणजे मला जुन्या सिनेमातला नाच माहीत. तो लागला की सासरे उठून टीव्ही बंद करायचे. माझे कान गरम झाले. पण तिने मजुरी सांगितली आणि मी मनातल्या मनात हिशेब केला. जाऊबाईंची राहिलेली रक्कम, दुधाच्या पैशातून बाजूला टाकलेले थोडे, आणि ही मजुरी. बरोबर जुळत होतं. पहिल्या प्रयोगाच्या रात्री, कपडे नीट चालले की पैसे, असं ती म्हणाली.

जाताना तिने शेवटच्या कपड्याबद्दल सांगितलं. सगळ्यांत आतला पांढरा परकर. "हा शिवायचा नाही, नुसता अडकवायचा. कमरेला एक धावदोरा घाला, शेवटाला मणी लावा. मणी ओढला की दोरा सर्रकन निघाला पाहिजे आणि परकर खाली. म्हणून दोऱ्याला गाठ मारू नका हं, आंटी."

मी मान डोलावली.

ती गेल्यावर माझ्या लक्षात आलं की मी कशाला हो म्हटलं आहे.

आमच्या सासूबाई गेल्या त्याला बरीच वर्षं झाली. शिवण मी त्यांच्याकडून शिकले, जाऊबाईही त्यांच्याचकडून. त्यांचा एक नियम होता. दोरा ओवला की गाठ, मग पहिला टाका. बिनगाठीचा दोरा फक्त मयताच्या कपड्याला. घरात कोणी गेलं की त्या माणसासाठी साधी बंडी हाताने शिवायची, सुरुवातीला गाठ नाही, शेवटी गाठ नाही, म्हणजे जाणाऱ्याला काही अडकून राहत नाही. जिवंत माणसाच्या कपड्याला कोणी गाठ विसरलं तर सासूबाई ते कापड हातातून काढून घ्यायच्या, उसवायच्या आणि पुन्हा पहिल्यापासून शिवायला लावायच्या. सासऱ्यांची बंडी मी आणि जाऊबाईंनी मिळून शिवली होती. सुरुवातीला बोटं आपोआप गाठीकडे जात होती आणि जाऊबाई माझा हात धरून थांबवत होत्या.

टिकल्यांचा झगा मी आवडीने शिवला. त्याखाली जरीचा ब्लाऊज, एवढीशी साडी, निळी चोळी. मुलगी कॉलेजातून आली की बाहुलीला हातात घालून माझ्याशी बोलायची, "आंटी, मला कंबर आहे का हो?" मीही हसायचे. परकर मात्र शेवटपर्यंत ठेवला. मग एक दुपार बसले आणि बिनगाठीचा धावदोरा घातला, सांगितल्याप्रमाणे. नायलॉनचा दोरा, गुळगुळीत, सरकावा म्हणून. मणी लावला. एकदा ओढून बघितला, परकर पडला. पुन्हा घातला.

त्या रात्री झोप लागेना. बाहुलीला जीव नाही हे मला कळतं. पण तो परकर उशाशी टोपलीत होता आणि त्यात गाठ नव्हती. यांना नुकताच खोकला झाला होता. खोकल्याचा आवाज आला की माझं लक्ष टोपलीकडे. शेवटी उजाडायच्या आधी उठले, दिवा लावला आणि दोऱ्याच्या सुरुवातीला, आत दुमडीच्या खाली, एक बारीक गाठ मारली. दिसणारसुद्धा नाही. मारली आणि डोळा लागला.

दुपारी बाहुलीवाली येऊन बाहुली आणि कपडे घेऊन गेली. दोन पास देऊन गेली. "नक्की या हं आंटी, पुढच्या रांगेत ठेवलेत."

यांना विचारलं तर म्हणाले, "बाहुल्यांचा खेळ? मला काय पाळण्यात घालणार आहेस?" मुलीला अठरा पूर्ण व्हायची होती, ती फुरंगटून बसली. म्हणाली, "कपडे शिवायला चालतात, बघायला नाही, काय?" तेवढ्यात जाऊबाई जिन्यावरून वर आल्या. त्यांना सगळं आधीच कळलेलं होतं.

"मी येते," त्या म्हणाल्या. "माझे पैसे कुठे नाचणार आहेत ते बघू दे."

मग आम्ही दोघी निघालो. बायकांना बस फुकट, तरी जाऊबाई आधार कार्ड हातात धरून स्टॉपवरच उभ्या होत्या, कंडक्टर आपल्याला पळवून लावील अशा तयारीने. हुणसूर रस्त्याला गर्दी होती. मी खिडकीशी बसले आणि सारखी मागे वळून बघत होते. परतीची बस किती वाजता ते तीनदा विचारलं.

"दहाला आहे म्हटलं ना गे. सुम्ने बस." म्हणजे गप बस. जाऊबाईंचं निम्मं बोलणं असंच.

शेड म्हणजे जुनी भाताची गिरणी होती. बाहेर दिव्यांच्या माळा. दारावर पाटी, लहान मुलांना प्रवेश नाही. दाराशी एक मुलगी पास बघत होती. जाऊबाईंनी तिला आधार कार्ड पुढे केलं. "बघ बाई, झालीत का मला अठरा?" ती मुलगी हसली, मागची माणसं हसली, आणि मी पदराने तोंड पुसत आत शिरले.

आत खुर्च्या आणि छोटी टेबलं, प्रत्येक टेबलावर एक दिवा. माणसं बरीचशी सरस्वतीपुरमकडची वाटत होती, कॉलेजात शिकवणारी वगैरे, खादीचे कुडते, जाड चष्मे. आमची जागा अगदी पुढे. मला मागे बसायचं होतं. जाऊबाईंनी चहाचा भाव विचारला आणि चहा न घेता परत बसल्या.

पहिल्यांदा पडद्यापुढे एक साहेब बाहुला आला, पोट सुटलेला, टक्कल, पेन्शनीत गेलेला. तो सगळ्यांना कामाला लावत होता. "घरी भांडून आलेल्यांनी हात वर करा. न भांडता आलेल्यांनी खरं बोला." मग दोन पाली आल्या, नवरा-बायको, ट्यूबलाइटवर उलट्या लटकलेल्या. नवऱ्याची शेपटी पडलेली. तो म्हणत होता, "वाढेल गं पुन्हा, थोडे दिवस दे." बायको म्हणाली, "गेल्या उन्हाळ्यातही हेच म्हणाला होतास. मी भिंत बदलायचा विचार करते आहे."

मला उशिरा समजलं. जाऊबाईंना लगेच. त्या अशा हसल्या की टेबलावरचा दिवा हलला. डोळ्यांतून पाणी आलं त्यांच्या. "अय्यो, मेल्या पालींचं ते," म्हणत मांडीवर थाप मारत होत्या. एरवी असं काही कानावर पडलं की मी उठून आत जाते. तिथे आत जायला काही नव्हतं. मग हळूहळू मीही हसायला लागले.

मग माझी म्हातारी आली.

टिकल्यांचा झगा घालून ती आली तेव्हा सगळ्या शेडभर उजेडाचे ठिपके फिरले. मागे एक उंच माणूस पेटी वाजवत होता. मागची बाहुलीवाली काळ्या कपड्यांत, दिसतच नव्हती.  तो मान वळवायचा तोरा, ती कंबर. माझ्या स्वयंपाकघरात ती नुसती चिंधी होती.

म्हातारी गायली थोडं, खोकली, आणि पुढे झुकून म्हणाली, "तुम्ही सगळे कशाला आलात ते मला माहीत आहे. आज सगळं काढणार आहे. पण गुडघे दुखतात, घाई करायची नाही. आणि सगळ्यांत शेवटी जे दाखवीन ना, ते या गावात कोणी बघितलेलं नाही. त्यासाठीच तर मी एवढी वर्षं नटते आहे. आता जा, चहा प्या."

मध्यंतर झालं. दिवे लागले. टाळ्या चालू होत्या, माझ्या मात्र मध्येच थांबल्या.

तोपर्यंत मी परकराचा विचार एक कपडा म्हणून करत होते. पाचातला एक. आता कळलं, सगळा खेळ त्या परकरावर येऊन थांबणार आहे. आणि त्यात गाठ आहे. दोरा नायलॉनचा, तुटायचा नाही. मणी ओढला की परकर सुटायच्या ऐवजी आवळेल. चुण्या पडून त्या बाईच्या मनगटाभोवती पक्का बसेल. ती ओढत राहील आणि एवढी माणसं बघत राहतील. तालमी तर कुठल्यातरी जुन्या परकरावर झाल्या असणार. हा तिने कधी ओढूनच बघितला नसणार.

मी बसल्या जागी चुळबुळ करायला लागले. पर्स उघडली, बंद केली.

"काय गे, मुंग्या आहेत का खुर्चीत?" जाऊबाई म्हणाल्या.

मी सांगितलं. सगळं. एवढं सलग मी त्यांच्याशी कधी बोलले नव्हते. मजुरी कपडे चालले तरच मिळणार हेही सांगितलं, म्हणजे पैसे तुम्हालाच द्यायचे होते, आज रात्रीच, अक्का.

मला वाटलं त्या ओरडतील. त्यांनी खुर्ची जवळ ओढली. मग हळू म्हणाल्या, "गाठ मारलीस ते बरोबर केलंस."

"पण अक्का, खेळ..."

"बिनगाठीचं कापड जिवंत माणसाच्या हातावर चढवायचं? त्या बाईचा हात असतो ना आत? पैसे राहू देत. गाठ काढू नकोस."

हे मी त्यांच्याकडून ऐकेन असं वाटलं नव्हतं. ज्या पैशांसाठी आरतीच्या रांगेत मशीनची चौकशी होते, ते पैसे राहू देत. आणि मला ते बरंही वाटलं आणि नाहीही. कारण पडद्यामागे ती बाई कपडे लावत असेल, आणि तिला काही ठाऊक नाही. तिने सांगितलं होतं तेव्हा मी मान डोलावली होती.

"त्या बाईचं काय?" मी म्हटलं. "ती फजित होईल ना, अक्का."

जाऊबाईंनी समोरच्या रिकाम्या स्टेजकडे बघितलं. त्यांचा अंगठा तर्जनीवर घासत होता, अस्तराचा पोत बघताना घासतात तसा. मग एकदम माझ्या दंडावर चापट मारली.

"येडे, परकर आहे ना तो? परकराला आपण गाठ मारतच नाही का? नाडीला कुठली मारतो?"

"सुरगाठ," मी म्हटलं.

"मग! गाठ ती गाठ. सासूबाईंनी सुरगाठ नको असं कधी म्हटलेलं नाही. दोन्ही टोकं पुढे आण, सुरगाठ मार, मणी लाव. ओढला की सुटली. ऊठ. स्वल्प वेळ आहे."

बसून राहणं मला जमतं. उठणं नाही. तेवढ्या माणसांतून, खुर्च्यांच्या मधून, चहाचे कप धरलेल्या लोकांना "माफ करा, माफ करा" म्हणत मी पडद्याच्या कडेला गेले. आत जावं की हाक मारावी ते कळेना. जाऊबाई मागे उभ्या राहून हाताने "जा, जा" करत होत्या, कोंबडी हाकलावी तशा. मी पडदा बाजूला केला.

आत पाली खिळ्याला टांगलेल्या, साहेबाचं पोट वेगळं काढून ठेवलेलं. बाहुलीवाली एका हाताने केळं खात होती. दुसऱ्या हातावर म्हातारी चढलेली, तयार.

"आंटी! आवडलं का?"

माझी कानडी अशा वेळी पार मोडते. मी म्हटलं, परकर. आतला. गाठ आहे. मी मारली.

तिने केळं खाली ठेवलं. पेटीवाला थांबला. "गाठ?" ती म्हणाली. "मी नको म्हटलं होतं ना?"

"हो."

"आणि आत्ता सांगताय?"

मी मान खाली घातली. सासूबाईंचं तिथे कसं सांगणार? मी पर्स उघडली. सुई माझ्याजवळ असतेच, छोट्या नळीत, दोरा गुंडाळलेली. "दोन मिनिटं द्या," मी म्हटलं. "पडेल. नक्की पडेल."

 मग तिने बाहुली चढवलेला हात पुढे केला. "हातावरून काढायला वेळ नाही. असंच करा."

मी गुडघ्यावर बसले. झगा वर केला, ब्लाऊज, साडी, चोळी. पाचही कपड्यांच्या आत शिरायचं म्हणजे डोक्याला डोकं लागत होतं. जुना दोरा कापून काढला. माझे हात एवढे थरथरत होते की सुई पहिल्या टाक्याला तिच्या मनगटाला लागली. ती "स्स" म्हणाली. आणि मग तिला काय वाटलं कोण जाणे, तिने बाहुलीची मान माझ्याकडे वळवली आणि म्हातारीच्या आवाजात म्हणाली, "आंटी, हळू. गुदगुल्या होतात."

माझ्या तोंडून निघून गेलं, "हलू नका. नीट उभ्या राहा." जशी मी मापं घेताना गिऱ्हाइकांना म्हणते तशी.

पेटीवाला हसला. म्हातारी खरंच नीट उभी राहिली, हात कमरेवर ठेवून, छताकडे बघत. मग माझा हात बसला. कमरेभोवती दोरा फिरवला, दोन्ही टोकं पुढे आणली, सुरगाठ मारली, मणी लावला.

"ओढून बघायला वेळ नाही," पेटीवाला म्हणाला. "दिवे जाताहेत."

मी जागेवर येऊन बसले. जाऊबाईंनी विचारलं, "मारलीस?" मी म्हटलं, "मारली." त्यांनी माझी पर्स ओढून स्वतःच्या मांडीवर घेतली, मी उघडझाप करू नये म्हणून.

दुसरा भाग मी नीट बघितलाच नाही. साहेबाने पुन्हा काहीतरी केलं, लोक हसले. कोणीतरी प्रेमपत्र वाचलं, बहुतेक कावळ्याने. मी मनात परकर उसवत होते, शिवत होते. मणी उजवीकडे की डावीकडे? ती उजव्या हाताने ओढते. मी उजवीकडे लावला ना? दोरा साधा सुती, नायलॉनचा नव्हता, तो सरकेल का? सरकला नाही तर पैसे नाहीत. पैसे नाहीत तर अजून किती लग्नं, किती बारशी. जाऊबाई जवळच बसल्या होत्या आणि त्यांच्या बांगड्यांचा आवाजही मला सहन होत नव्हता.

म्हातारी आली. झगा काढला. काढता काढता सांगत होती, हा कोणी दिला, तो माणूस कसा घोरायचा. ब्लाऊजला म्हणाली, हा मी जाड व्हायच्या आधीचा, आणि नंतर हाच घालण्यासाठी बारीक झाले. प्रत्येक कपड्याला लोक हसत होते आणि ती आणखी लहान होत होती. साडी गेली, चोळी गेली. चोळी गेल्यावर हसू कमी झालं, कारण मानेखाली चुरगळलेली कापडी पिशवी दिसत होती. म्हाताऱ्या माणसाची छाती असते तशी.

जाऊबाईंनी डोळ्यांवर हात धरला. बोटांच्या फटीतून बघत होत्या.

म्हातारी म्हणाली, "आता हा राहिला. बघायचंय?"

 पेटी थांबली.

तिने मणी धरला आणि ओढला.

परकर तसाच राहिला.

 मागे कोणीतरी हसलं, थोडंसं. म्हातारीने मण्याकडे बघितलं, मग आमच्याकडे, सरळ माझ्याकडे, असं मला वाटलं. जाऊबाई पुटपुटल्या, "आत्ता सुटली. आता दोरा. ओढ गे बाई, अजून ओढ."

तिने पुन्हा ओढला, या वेळी सावकाश, लांब. दोरा निघत गेला, निघत गेला, आणि परकर पडला. पडताना आवाजसुद्धा आला नाही. त्याच वेळी बाहुलीवालीने मोकळ्या हाताने म्हातारीचं डोकं आणि ती पिशवी अलगद वर उचलली आणि अंधारात नेली.

उरला तो हात. उघडा माणसाचा हात, काही न घातलेला. बोटं जरा वाकलेली, मनगटाला मी टोचलेलं तिथे लाल ठिपका. तो हात थोडा वेळ नुसता उभा राहिला. मग लाजल्यासारखा वळला. पेटी सुरू झाली आणि तो हात नाचला, थोडंसंच, म्हातारी नाचायची तसाच. मग वाकून नमस्कार करून गेला.

"हातच आहे की गे," जाऊबाई म्हणाल्या. त्यांनी डोळ्यांवरचा हात काढून त्याच्याकडे एकदा बघितलं आणि मांडीवर ठेवला. मग सगळे टाळ्या वाजवायला लागले तेव्हा त्यांनीही वाजवल्या, जोरात.

खेळ संपल्यावर मी पैशांसाठी आत जायला तयार नव्हते. बाहुलीवालीच बाहेर आली, कपाळावर घाम. पाकीट माझ्या हातात दिलं. "मजुरी पूर्ण आहे. बघून घ्या," ती म्हणाली. "दोनदा ओढायला लागला ते बरं झालं. उद्याही तसंच ठेवणार आहे. पण आंटी, पुढच्या वेळी करायचं नसेल तर नाही म्हणा. मान डोलावू नका." रागावलेली होती थोडी. बरोबरच होतं तिचं. मी मान डोलावणार होते, ती आवरली आणि "हो" म्हटलं.

स्टॉपवर अंधार होता. मी पाकीट उघडायला गेले तर जाऊबाई म्हणाल्या, "रस्त्यावर बेडा, नको काढू. घरी." बस आली तेव्हा जवळजवळ रिकामी होती. मला वाटलं आता मन शांत होईल. झालं नाही. पाकीट पदराखाली दोन्ही हातांनी धरलं होतं आणि प्रत्येक स्टॉपला कोणी चढलं की दचकत होते. जाऊबाई झोपल्या. डोकं माझ्या खांद्यावर पडलं, जड. मधूनच झोपेत हसल्या. पालींचं आठवलं असणार.

त्यांच्या दाराशी दिवा होता. तिथे थांबलो. मी पाकिटातले काढले, पर्सच्या आतल्या कप्प्यातले दुधाचे काढले, एकत्र केले आणि दोन्ही हातांनी पुढे केले. जाऊबाईंनी अंगठ्याला थुंकी लावून मोजले. पुन्हा मोजले, उलट बाजूने, गल्ल्यावर मोजतात तसे. मग पोलक्यात सरकवले आणि कुलूप उघडायला वळल्या. किल्ली लागेना. मी वर जायला निघाले.

"काय गे," त्या मागून म्हणाल्या, किल्ली फिरवत, सवयीने, "मशीन बरं चालतंय ना?"

"चालतंय, अक्का," मी म्हटलं.

त्या माझ्या नेहमीच्या पुढच्या वाक्यासाठी थांबल्या. मीही थांबले. मग कुलूप उघडलं आणि त्या आत गेल्या.